खिशातला ‘प’

मित्रांनो, मी छपाईचा एक जुना लाकडी टाइप आहे. एकच अक्षर नव्हे, अख्खी मुळाक्षरं. कारागिराने मला कोरलं तेव्हा अंगावर वेलबुट्टी काढली नाही, की टोकांना नखरे दिले नाहीत. रेघ सगळीकडे सारखीच जाड आणि प्रत्येक अक्षर पुढे झुकलेलं, शर्यतीला उभं राहिल्यासारखं. लांबून नजरेत भरावं, एवढंच माझं काम.

छापखान्यात मला जुळवायच्या त्या मालकीणबाई. दुकानांचे सेल, सायकलींच्या शर्यती, नवी नाटकं, सगळीकडे मी मिरवलो. एकदा मालकांनी हौसेने अख्खं पत्रक माझ्यातच छापलं. बाई हसून म्हणाल्या, “अहो, वाचून माझी मान वाकडी झाली! याला दोन-तीन शब्दच बोलू द्या. सारखं ओरडणाऱ्याचं कोण ऐकतं?”

पुढे बाई आजारात गेल्या. मालकांनी माझा खण बंद केला. त्याआधी माझा ‘प’ तेवढा उचलून सदऱ्याच्या खिशात ठेवला. बाईंचं नाव त्याच अक्षराने सुरू व्हायचं. दुसरा ‘प’ कधीच फुटला होता. बाकीचा मी अंधारात धूळ खात पडलो. लाकडाला भेगा पडू लागल्या.

एका सकाळी रस्त्यांचे मुकादम धापा टाकत आले. नदीवरच्या पुलाला तडा गेला होता.

“कालची सूचना कुणी वाचलीच नाही हो! अक्षरं बारीक. दोर बांधला, तर तोही सोडून जातात लोक.”

“बाबा, आईचा तिरपा टाइप काढते,” मालकांची लेक म्हणाली.

“त्याला हात लावायचा नाही.”

“शाळेची गाडी त्याच पुलावरून जाते, बाबा.”

मालक खणासमोरून बाजूला झाले. लेकीने खण ओढला, ‘पूल बंद’ जुळवायला घेतलं आणि थबकली.

“‘प’ कुठाय? मुकादमकाका, ‘रस्ता बंद’ चालेल?”

“तिथं तीन रस्ते मिळतात, ताई. कुठला म्हणून विचारत बसतील!”

मला सगळं ठाऊक होतं, पण लाकडाला वाचा कुठली! एवढ्यात मालकांनी खिशात हात घातला. ‘प’ बाहीला पुसला आणि लेकीच्या हातावर ठेवला.

“घे. जरा गरम असेल.”

शाई लागली, कागद निघाले, वळणावर चिकटले. शाळेच्या गाडीने मला लांबूनच पाहिलं आणि तिथूनच माघारी वळली.

दुपारी मुकादम परत आले. “पुलाचा मधला भाग कोसळला, मालक. वर एकही माणूस नव्हता!”

मालक स्टुलावर बसले. डोळे पुसले आणि कितीतरी दिवसांनी हसले. “दोनच शब्द बोलला,” ते म्हणाले. “तिचं ऐकलं त्याने.”

मित्रांनो, आपल्या माणसाची वस्तू पुसा, तेल लावा, जिवापाड जपा. पण तिला कामापासून तोडू नका. माझा ‘प’ आता खणात, आपल्या जागी असतो. कधीकधी मालक येऊन त्याच्यावरून बोट फिरवतात आणि विचारतात, “काय, आज काही बोलायचंय का?”