तिसऱ्या ओढ्यापलीकडचा डोह

आश्विनातले निवळशंख ऊन डोंगरउतारावर सांडले होते. हळदपिवळ्या सोनकीने नटलेली पठारे मागे मागे सरत होती. तांबड्या वाटेच्या मधोमध वाढलेले गवत जीपच्या पोटाला घासत, सळसळत, वाकून पुन्हा उभे राहत होते. सारे सुंदर होते. इतके सुंदर, की शाल्मलीला त्या सौंदर्याचाच संशय आला.

इतक्या वर्षांच्या संसारात सारंगने कधी तंबूचे नाव काढले नव्हते. आणि आता एकाएकी कोल्हापुरातल्या घराला कुलूप, मागच्या सीटवर नवाकोरा तंबू, आणि एकच वाक्य: एक जागा आहे, तुला दाखवायची आहे. तू कधी गेला होतास का, असे तिने विचारले होते. ऐकून आहे, असे तो म्हणाला होता, तिच्याकडे न पाहता.

पहिला ओढा आला. शुभ्रफेन, खळाळता, लहान मुलासारखा वाचाळ. चाकोरी सरळ पाण्यात उतरत होती. सारंगने मात्र जीप चाकोरीबाहेर काढली, डावीकडच्या जांभळीखालून नेली, आणि चारी चाके एका दमात पार झाली. त्याने ना थांबून पाहिले, ना कुणाला विचारले.

दुसरा ओढा आला. रुंद, मंदगामी, हिरव्या सावल्यांनी झाकोळलेला. पाण्याखालच्या एका कातळाला वळसा घालून तो गेला. कातळ वरून दिसत नव्हता. शाल्मलीला तो दिसला मागे वळून पाहिल्यावर, आणि मग दिसतच राहिला.

तिला आठवला गेल्या वर्षीचा आश्विन. कामासाठी सोलापूरला जातो म्हणून तो गेला होता, आणि परतला तेव्हा जीपच्या चाकांना लाल माती होती. सोलापूरची माती काळी. त्या वेळी ती काही बोलली नव्हती. न बोललेले ते तिच्या मनात रुजले होते, आणि आज या लाल वाटेवर त्याला पाने फुटत होती, काळी, काटेरी पाने.

कुणीतरी या सीटवर बसली होती. कुणीतरी याच खिडकीतून हात बाहेर काढून सोनकीला शिवली होती. तिला नाव नव्हते, चेहरा नव्हता. होते फक्त ओले केस, आणि त्या केसांतून ठिबकणारे हसू.

तिसरा ओढा आला. गडद, गंभीर, गर्जणारा. पाणी दारांना लागले, इंजिन घुसमटले, एक चाक घसरले.

“उजवीकडे खोल आहे,” सारंग स्वतःशीच पुटपुटला.

पाण्याने झाकलेली खोलीही त्याला ठाऊक होती. शाल्मलीने डोळे मिटून घेतले.

पलीकडे धबधबा होता. काळ्याभोर कड्यावरून कोसळणारी, वाऱ्याने विस्कटणारी रजतधारा. तिच्या पायाशी नीलकृष्ण, निश्चल, अथांग डोह. सारंगने तंबूचे सामान एका सपाट खडकावर उतरवले. जागा शोधावी लागली नाही. मग तो काठाशी येऊन उभा राहिला, पण पाण्याला शिवला नाही.

“कुणाबरोबर आला होतास?” तिने विचारले.

तो काठावरच्या खडकावर बसला.

“एकटाच.”

“खोटं.”

“एकटाच आलो होतो, शाल्मली. परत न जाण्यासाठी.”

शब्द कळायला तिला वेळ लागला. धबधबा कोसळत होता, आणि त्या कोसळण्यातून तो तुटक तुटक सांगत होता. कारण असे एक नव्हतेच. सगळे हळूहळू राखाडी होत गेले होते: काम, घर, जेवणाची चव, तिचा आवाजसुद्धा. तो इथे पोचला आणि या डोहात उतरला. पण पाणी गळ्याशी आले तसे हात आपोआप चालू लागले, पाय आपोआप चालू लागले. मनाने सोडून दिलेल्याला देहाने काठावर आणून टाकले. तिथेच ऊन लागेपर्यंत तो रडत बसला होता. मग घरी आला. एका डॉक्टरांकडे जाऊ लागला, आजही जातो. तिला मात्र सांगू शकला नाही.

“तुला इथे आणल्याशिवाय,” तो म्हणाला, “मला पुरतं घरी आल्यासारखं वाटेना.”

शाल्मलीने डोहाकडे पाहिले. एवढी वाट ती जिचा चेहरा शोधत आली, ती ही होती. नीलवसना, थंडगार, निःशब्द. हिच्याजवळ त्याने ते उघडे केले होते, जे तिच्यापाशी, एका उशीच्या अंतरावर, झाकून ठेवले होते. तिला राग आला, भीती वाटली, आणि त्या दोहोंच्या तळाशी गेल्या वर्षीची ती स्वतः दिसली, चाकांची माती पाहून गप्प राहिलेली.

तिने चपला काढल्या. अंगावरच्या कपड्यांनिशी ती पाण्यात उतरली. गारठ्याने श्वास अडखळला, तरी थांबली नाही. छातीभर पाण्यात उभी राहून तिने हात पुढे केला.

“ये. माझ्याबरोबर.”

तो आला. दोघे पोहत धबधब्याखाली गेले, आणि तो सारा गर्जणारा शुभ्र भार त्यांच्या माथ्यांवर, खांद्यांवर, मिटल्या डोळ्यांवर उतरला. सारंग हसला की रडला, ते पाण्याने कळू दिले नाही. शाल्मलीचा त्या डोहावर विश्वास नव्हता. तिने त्याचे मनगट घट्ट धरले होते; वर धबधबा धडधडत होता, आणि तिच्या बोटांखाली, बारीक, उष्ण, अखंड, त्याची नाडी चालत होती.