स्फटिक उतरेपर्यंत

गुलबर्ग्याच्या कॉलेजात, रसायनशाळेच्या दारात शरणप्पा शिपायानं गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी आणून टाकली, तशी बी.एस्सी.ची सगळी पोरं आपापले चंबू घेऊन तिकडं धावली. इंदू तेवढी जागची हलली नाही.

गेल्या साली याच प्रॅक्टिकलात ती नापास झाली होती. ॲसिटॅनिलाइडची मळकट पूड उकळत्या पाण्यात विरघळवायची, गरम असतानाच गाळायचं. पाणी निवत गेलं की शुद्ध स्फटिक खाली उतरतात, मळ पाण्यातच राहतो. पण तेव्हा तिची पोर दोन महिन्यांची. जीव सगळा बाहेर, तिच्यापाशी. तिनं घाईनं चंबू बर्फात खुपसला, घडीघडीला हलवून पाहिला. सगळं झटक्यात गोठलं, मळही त्यातच अडकला. आता ही शेवटची खेप. पास झाली तरच बसवकल्याणच्या शाळेतली विज्ञान शिक्षिकेची जागा तिची.

परवाच तिच्या सासूबाई, मालतीबाई, खेकसल्या होत्या. विरजण लावलेल्या पातेल्याचं झाकण इंदू पुन्हा उचलत होती.

"कामून हलवायलीस गं सारखं? लागू दे की! पोरीलाबी झोपू देत न्हाईस, दह्यालाबी न्हाई."

"अक्का, बर्फ सरायलाय. आणा चंबू," शरणप्पानं हाक मारली.

"राहू दे. आधी आपलं आपण निवू दे."

शेजारच्या टेबलावरचा निंगप्पा हसला. त्याचा चंबू केव्हाच पांढऱ्या गाळानं भरला होता. "वहिनी, ते निवेपर्यंत तुमची पोरगी कॉलेजात यायची!"

तेवढ्यात खिडकीतून रडणं आलं. बाहेर कडुनिंबाखाली मालतीबाईंच्या मांडीवर पोरीनं भोकाड पसरलं होतं. ताप तर नसेल भरला? इंदूनं चंबूकडं पाहिलं. नुसतं पाणी. जास्त ओतलं की काय? मग कणभरही उतरायचं नाही. हात पुढं गेला. तो तिनं मागं ओढला आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून घट्ट धरले.

रडणं थांबलं. आणि तळाशी अभ्रकासारखं एक पातं चमकलं. त्याला लागून दुसरं. बघता बघता चंबूभर पांढरीशुभ्र पाती तरंगत खाली बसू लागली.

"शरणप्पा, आता आण बर्फ!"

"आता? चुराच उरलाय, अक्का."

"उरलंसुरलं उतरवायला तेवढा पुरे."

गाळून, वाळवून तिनं चिमूटभर काचेच्या बारीक नळीत भरलं आणि तापवायला लावलं. बाहेरगावचे परीक्षक थर्मामीटरवर वाकले. निंगप्पाचं, मळ राहिल्यामुळं, एकशे सात अंशांनाच ओघळायला लागलं होतं. इंदूचं एकशे दहा झालं, बारा झालं, तरी तसंच. एकशे चौदाला मात्र एकदम पाणी!

"शाबास," परीक्षक म्हणाले. "इतकं शुद्ध आज कुणाचंच नाही. बर्फ लावलाच नाही का?"

"लावला सर. सगळ्यात शेवटी."

"वहिनी, मला सांगायचं की आधी!" निंगप्पा कळवळला.

कागदावर चार पाती घेऊन ती कडुनिंबाखाली आली. पोर गाढ झोपली होती. मालतीबाईंनी डोळे बारीक केले.

"एवढुसं? ह्येच्यासाठी दोन वर्षं?"

"व्हय आत्याबाई, ह्येच्यासाठीच!" इंदू एवढ्या मोठ्यानं हसली की पोर दचकून उठली.

"मोडलीस बघ झोप."

"मोडू द्या की!" पोरीला तिनं उचलून उंच धरलं. "बसवकल्याणला खोली बघायची आता."