न्यायला कोण आलंय

"आज्जी, फोनातली आई!" असं ओरडून प्रियदर्शनीने फोन यल्लव्वाच्या हातात कोंबला आणि ती अंगणात पळाली. पुन्हा काही ती फोनवर आली नाही.

कावेरीने फोन ठेवला. सर्जापूर रोडवरच्या पाळणाघरात जेवणाची वेळ झाली होती आणि चौदा मुलं वाट्या वाजवत होती. तिची स्वतःची लेक मात्र निपाणीजवळच्या गावात, सासूपाशी, यल्लव्वापाशी. सव्वातीन वर्षांची झाली होती. नवरा सूरज विमानतळाची टॅक्सी चालवायचा. बंगळूरच्या एका खोलीचं भाडं भरायचं तर दोघांनीही बाहेर पडणं भाग होतं. आणि पोरीला सांभाळायला बाई ठेवली असती, तर कावेरीचा सगळा पगार त्या बाईच्याच हातावर ठेवावा लागला असता. वर्षभरच, म्हणता म्हणता दोन वर्षं उलटली होती.

संध्याकाळी ती सूरजला म्हणाली, "पोरीला आणूया."

"आनि ठेवायची कुटं?"

"माझ्यासंगं. पाळणाघरात."

"मालकीनबाई न्हाई म्हनल्या तर?"

"तर मीबी न्हाई. पोरं सांभाळायला येत्यात मला. ह्या शहरात काम मिळंल."

पाळणाघराची मालकीण शुभदा मूळची पुण्याची. तिने दुसऱ्या दिवशी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "अगं कावेरी, स्टाफची मुलं आपण घेत नाही. पॉलिसीच आहे तशी. पेरेंट्सना प्रॉब्लेम होतो."

"अक्का, फुकट नको मला. पगारातनं फी कापा."

"प्रश्न नुसता फीचा नाहीये गं."

"मग एक तारखेपास्नं दुसरी बाई बघा."

कावेरीने आवाज चढवला नाही. पाठीवर थापटल्याशिवाय कोण झोपत नाही, वरणात लिंबू पिळलं की कोण तोंड फिरवतं, हे तिच्याइतकं त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. शुभदालाही ते पुरतं ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी शुभदाने तिला बोलावलं. "ठीक आहे, आण तिला. हाफ फी. पण इथे असेपर्यंत तू तिची आई नाहीस, मिस आहेस. सगळी मुलं सारखी."

"सरी, अक्का. चालतंय."

पुढच्या सोमवारी प्रियदर्शनी पाळणाघरात आली. सकाळभर भिंतीला टेकून उभी राहिली. बाकीची मुलं 'कावेरी मिस, कावेरी मिस' करत होती. जेवणाच्या वेळी तीही हळूच म्हणाली, "मिस, पानी."

कावेरीने पेला भरून दिला. इतरांना द्यायची तसाच.

दुपारी सगळी निजली असताना राजस रडत उठला. त्याला मांडी लागायची. कावेरीने त्याला मांडीवर घेऊन थोपटायला सुरुवात केली. समोरच्या गादीवर प्रियदर्शनी टक्क जागी होती, बघत होती. कावेरीने लेकीवरून नजर काढली नाही. तिचे डोळे मिटेपर्यंत ती तशीच बघत राहिली. हात मात्र राजसच्या पाठीवर.

सहानंतर बेल वाजू लागली. एकेकाचे आईबाप येत, दाराशी वहीत सही करत आणि मुलाला घेऊन जात. साडेसहाला एकच मूल उरलं.

कावेरीने भांडी आवरली, एप्रन खुंटीला लावला, तोंड धुऊन केस नीट केले. मग मागच्या दाराने बाहेर पडून ती इमारतीला वळसा घालून पुढे आली आणि तिने बेल वाजवली.

दार उघडून शुभदा चकित झाली. "अगं, बेल कशाला? आतच होतीस ना?"

"प्रियदर्शनीला न्यायला आलेय."

शुभदाने वही पुढे केली आणि आत वळून, सगळ्यांसाठी द्यायची तशीच हाक दिली, "प्रियदर्शनी, चला, घरी जायचं!"

पोर दप्तर ओढत आली. कावेरी पायरीवर खाली बसली आणि तिने पोरीच्या चपलेचा बंद सोडवून चप्पल तिच्या पायापुढे धरली. एका पायावर उभं राहताना तोल जाऊ नये म्हणून प्रियदर्शनीने आपला तळवा तिच्या डोक्यावर टेकवला.