माझ्या नळीतली ओल

मी एक ट्रम्पेट बोलतेय. पितळेची, तीन खटक्यांची, बाहेरून अगदी आरसा.

कारखान्यातून निघाले ती थेट बँडमास्तरांच्या हातात आले. थकल्यावर त्यांनी मला लाडक्या शिष्याकडे सोपवलं आणि बजावलं, की बाहेरून हवी तेवढी घास, पण आतून धुवायची नाही. वाजवणाऱ्याच्या श्वासाची ओल नळीत मुरते, त्यानेच सुराला गोडी येते. त्या बँडमध्ये सगळेच असं मानायचे. माझ्या मालकाने गुरूचा शब्द मोडला नाही. तो मला मऊ फडक्याने पुसत बसला की बायको म्हणायची, "सवतीचे लाड झाले असतील तर जेवायला या."

मग त्याला कोरडा खोकला लागला. तालमीनंतर काही तासांनी ताप चढायचा, जिना चढताना धाप लागायची.

छातीचा फोटो काढला. पुढचं मला घरातल्या बोलण्यातून कळत गेलं. दोन्ही फुप्फुसांवर दुधी काचेसारखा पांढुरका थर होता. डॉक्टरांनी काम विचारलं आणि वादक आहे म्हटल्यावर ते हसून म्हणाले, मग दम दांडगा असणार. थुंकीत काही सापडलं नाही, पण फोटो क्षयासारखा दिसत होता, म्हणून गोळ्या सुरू झाल्या. बँडने सुट्टी दिली. मी पेटीत बंद. तो सुधारला आणि गोळ्यांचा गुण आला असं सगळ्यांनी धरलं. मला बाहेर काढलं तेव्हा घरात केवढा आनंद होता! आठवडा सरला नाही तोच ताप परतला.

मोठ्या दवाखान्यात स्कॅन झाला. एक डॉक्टर म्हणाले, हट्टी क्षय आहे. दुसऱ्यांनी निराळ्याच आजाराचं नाव घेतलं. हयगय कोणीच केली नाही. सगळे डोळे ताणून फोटो बघत होते. पुन्हा गोळ्या, पुन्हा पेटी, पुन्हा उतार, पुन्हा मी. अशी वर्षं गेली. दर खेपेला त्याचा लांब सूर थोडा आखूड झालेला मला जाणवायचा.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंसमोर त्याची बायको वैतागून म्हणाली, "गोळ्यांचं राहू द्या हो. माझी सवत पेटीत असली की हे बरे असतात."

बाई हसल्या नाहीत. सवत म्हणजे कोण, ते विचारून त्यांनी मला मागवलं. नळीत लांब ब्रश फिरवला तर काळपट, बुळबुळीत गाळ बाहेर आला. बुरशी होती ती. वाजवताना घेतलेल्या श्वासाबरोबर त्याच्या छातीत उतरत होती.

"क्षय आणि बुरशीचा हा आजार फोटोत सख्ख्या भावंडांसारखे दिसतात," बाई म्हणाल्या.

"मग आता हिला धुतली की वाजवता येईल ना?" मालकाने विचारलं.

बाईंनी नवा स्कॅन समोर धरला. थराच्या जागी आता वण होते, कधीच न जाणारे.

"मी तर गुरुजींचं ऐकलं," तो हळूच म्हणाला.

डॉक्टरांनो, माझं एवढं ऐका. फोटो जरूर बघा, पण मग खुर्ची जवळ ओढा. हा माणूस दिवसभर काय करतो, कशात श्वास घेतो, कधी बरा असतो, ते त्याला विचारा. त्याच्या घरच्यांनाही विचारा.

मी आता आतूनही लखलखीत आहे. संध्याकाळी तो खिडकीशी बसतो आणि मला मांडीवर घेतो. ओठ लावत नाही. खटक्यांवर बोटं मात्र सगळं गाणं चालवतात, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, एकही सूर न चुकता.