काकू आणि आज्ञाधारक राउटर

वर्गात सगळे त्यांना काकू म्हणत. मागच्या बाकावरची नुकती मिसरूड फुटलेली पोरं म्हणत ते ठीक, पण शिकवणाऱ्या मॅडमसुद्धा हजेरी घेताना मान वर करून "काकू, आलात ना?" असंच विचारत. काकूंची त्याला हरकत नव्हती. चाळिशी ओलांडल्यावर कॉम्प्युटर नेटवर्किंग आणि सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या पदवीला बसणाऱ्या बाईला लोक याहून बरंच काही म्हणू शकतात, आणि नातेवाईक ते म्हणतही होते.

या फंदात त्या पडल्या त्या रागाच्या भरात. एका मोठ्या कचेरीत त्या चौकशीच्या खिडकीवर बसत. तिथले कॉम्प्युटर दिवसाआड बंद पडत आणि खिडकीबाहेरची रांग काकूंच्या नावानं बोटं मोडी. मग सिस्टिमवाला यायचा, छताकडे बघत चार बटणं दाबायचा, की सगळं सुरू. काय झालं होतं असं विचारलं तर म्हणायचा, "सांगून कळायचं नाही तुम्हाला." हे वाक्य काकूंच्या जे डोक्यात गेलं ते गेलंच. त्याच आठवड्यात त्यांनी संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं.

लेखी पेपरात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. परीक्षेआधी पोरं त्यांच्याभोवती कोंडाळं करून बसत. कुठल्या यंत्राला कुठला पत्ता द्यायचा, निरोप कुठल्या वाटेनं जातो आणि मध्येच कुठे अडकतो, हे काकू अशा रंगात येऊन सांगत की शेजारच्या घरातली भानगड सांगताहेत असं वाटावं. गाडी अडायची ती प्रॅक्टिकलला.

राउटर, म्हणजे नेटवर्कमधली सगळी ये-जा सांभाळणारं यंत्र, लॅबच्या टोकाला काचेच्या कुलूपबंद कपाटात असे. विद्यार्थ्यानं आपल्या जागेवरून, त्याच नेटवर्कमधून, त्याच्याशी बोलायचं आणि कुणाला आत घ्यायचं नि कुणाला नाही याचे नियम घालून द्यायचे. यंत्र भलतं आज्ञाधारक. पहिल्या परीक्षेत काकूंनी घाईघाईत आधी "कुणालाही आत घेऊ नकोस" असं सांगितलं. "मला तेवढं घे" हे त्या पुढच्या ओळीत सांगणार होत्या, पण तोवर राउटरनं दार लावून घेतलं होतं, काकूंच्याही तोंडावर. दुसऱ्या परीक्षेत एक नको असलेली जोडणी बंद करायची होती. काकूंनी नेमकी तीच बंद केली जिच्यावरून त्या स्वतः बोलत होत्या. कपाटाला हात लावायची परवानगी नव्हती, त्यामुळे उरलेला वेळ त्या काचेआड लुकलुकणारे दिवे बघत बसल्या.

आता ही तिसरी खेप, आणि कॉलेजच्या नियमाप्रमाणे शेवटची. यात गेल्या की पदवी गेली.

एवढ्यावर भागलं असतं तरी काकूंनी सोसलं असतं. पण घरात एक कन्यारत्न होतं. ते गणितात नापास झालं होतं आणि फेरपरीक्षेला बसणार नाही म्हणून हटून बसलं होतं. समजावून झालं, ओरडून झालं, अबोला धरून झाला. शेवटी एका संध्याकाळी काकू कांदा चिरत असताना लेकीनंच डाव टाकला.

"आई, तू पास हो, मग मी बसते. तू नापास झालीस तर हा विषय या घरात परत काढायचा नाही."

"कबूल," काकू म्हणाल्या, आणि लगेच जीभ चावली.

"मी काही ऐकलं नाही हं," नवरा पेपरमागून म्हणाला. अशा वेळी तो कधीच काही ऐकत नसे.

दुसऱ्या दिवशी काकू मॅडमच्या खोलीत जाऊन बसल्या. मॅडम वयानं त्यांच्या धाकट्या बहिणीएवढ्या, पण जीव लावणाऱ्या.

"काकू, यावर एक उपाय आहे. मोठमोठ्या ठिकाणी करतात. कामाला हात लावायच्या आधी राउटरला गजर लावून ठेवायचा, की पंधरा मिनिटांनी आपोआप बंद होऊन परत सुरू हो. समजा तुम्ही बाहेर अडकलात, तर स्वस्थ बसायचं. तो परत सुरू झाला की सेव्ह न केलेलं सगळं विसरतो. तुमचा चुकलेला नियमही विसरतो. दार उघडं!"

"आणि चुकलं नाही तर?"

"तर तो गजर रद्द करायचा आणि काम सेव्ह करायचं. बस."

काकूंना ही युक्ती इतकी आवडली की त्यांनी घरी लॅपटॉपवर खोटा राउटर मांडून सराव सुरू केला. गजर लावायचा, नियम लिहायचे, बाहेर अडकायचं, चहा टाकायचा. चहा पिऊन होईतो राउटर परत सुरू झालेला असे. मग पुन्हा पहिल्यापासून. हळूहळू नियम हातात बसले, पण दर वेळी कुठे ना कुठे माशी शिंकायचीच. त्यामुळे अडकण्याचा आणि सुटण्याचा काकूंना दांडगा सराव झाला. गजर रद्द करण्याची पाळी मात्र कधी आलीच नाही.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून बसले होते. काकूंनी खुर्ची पुढे ओढली, गजर लावला आणि एकेक ओळ ओठ हलवत लिहायला लागल्या. आधी "मला आत घे." मग बाकीच्यांचं. शेवटची ओळ लिहून त्यांनी डोळे मिटले आणि बटण दाबलं. डोळे उघडले तर राउटर बोलत होता! ज्या यंत्रांना एकमेकांशी बोलायची मुभा होती ती बोलत होती, ज्यांना नव्हती ती गप्प होती. काकूंना आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. त्या ताडकन उठल्या आणि थेट परीक्षकांच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या.

परीक्षकांनी तोंडी प्रश्न विचारले. काकूंनी अशी उत्तरं दिली की त्यांनी चष्मा वर सरकवला. "वा! चला, आता काम दाखवा," म्हणत ते उठले आणि काकूंच्या जागेशी आले, तोच काचेच्या कपाटातले दिवे विझले.

काकूंनी विझलेल्या दिव्यांकडे पाहिलं. क्षणात सगळं कळलं. गजर रद्द केला नव्हता, काम सेव्ह केलं नव्हतं, आणि राउटर सांगितल्याबरहुकूम सगळं विसरायला निघाला होता.

"अरेरे," परीक्षक म्हणाले. "जुनं यंत्र दिसतंय. बिघडलं बहुतेक. काळजी करू नका बाई, मी तसा शेरा देतो. ही परीक्षा धरली जाणार नाही, तुम्हाला नवी तारीख मिळेल."

मॅडम मागेच उभ्या होत्या. त्यांना काय झालंय ते पक्कं ठाऊक होतं, आणि त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे अशा टक लावून बघत होत्या की जणू आयुष्यात कधी घड्याळ पाहिलंच नव्हतं. काकूंनी नुसतं "बरं सर" म्हटलं असतं तरी सुटका होती. त्यांनी तोंड उघडलंही. पण "सांगून कळायचं नाही" म्हणणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

"यंत्र चांगलं आहे सर. मीच त्याला बंद हो म्हणून सांगितलं होतं. नको म्हणायचं विसरले."

आणि मग त्यांनी गजराची सगळी कथा सांगितली, सरावाच्या चहासकट. पलीकडची पोरं फिदीफिदी हसली. परीक्षक हसले नाहीत. "याचे गुण मला कापावे लागतील," ते म्हणाले. "वेळ थोडा उरलाय. पुन्हा करणार?"

काकू बसल्या. बोटं भलत्याच बटणांवर पडली आणि पहिलाच शब्द चुकला. तो पुसला, पुन्हा लिहिला. मान वर न करता त्या सगळं पहिल्यापासून लिहीत गेल्या, गजर लावून आणि या वेळी रद्द करून. सेव्ह झाल्याची ओळ दिसली तेव्हाच घंटा वाजली. परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता ते पुढच्या मुलाकडे वळले.

घरी लेक दारातच उभी होती. "काय झालं?"

काकूंनी चपला काढता काढता सगळं सांगून टाकलं. लेक आ वासून ऐकत होती. "म्हणजे ते परीक्षक सोडत होते आणि तूच...? आई, कमाल आहे तुझी! मग आता नापास?"

"माहीत नाही गं. गुण तर कापलेत."

लेकीनं काकूंच्या चपला कोपऱ्यात सरकवल्या. मग हळूच म्हणाली, "सगळं पुसलं गेल्यावर, सगळ्यांसमोर, तुला परत लिहिता कसं आलं? भीती नाही वाटली?"

"वाटली की. पहिला शब्दच चुकला."

"माझं ना, एक गणित चुकलं की पुढचं दिसतच नाही," लेक भिंतीकडे बघत म्हणाली. "येत असतं गं मला. पण हात चालत नाही."

काकूंना एकदम भरून आलं. इतके दिवस पोरीला त्या आळशी म्हणत होत्या, आणि पोर घाबरत होती. त्यांनी तिला जवळ ओढलं. "माझाही चालत नव्हता," त्या म्हणाल्या. "तसाच चालवला."

निकाल बऱ्याच दिवसांनी लागला. काकू काठावर का होईना, पास! मॅडमनी फोनवरच आरडाओरडा केला. काकू तशाच लेकीच्या खोलीत शिरल्या, कमरेवर हात ठेवून. "झाले मी पास. आता कबूल केल्याप्रमाणे मुकाट्यानं फेरपरीक्षेला बसायचं. उद्याच शाळेत जाऊन सांगायचं."

लेकीनं वहीतून डोकं वर काढलं नाही.

"सांगून आलेय मी," ती म्हणाली. "तुझी परीक्षा झाली ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी."