चुलीत घातलेलं पाकीट

आमच्या घरातले पुरुष कार्निव्हलमध्ये भालाईत होतात, आजोबांच्याही आधीपासून. अंगावर टिकल्यांची झूल, पाठीवर घंटा, डोक्यावर झिरमिळ्यांचा टोप, हातात भाला आणि दातांत पांढरं फूल. पंचवीस किलोचं ओझं घेऊन उसाच्या फडांमधून गावोगाव नाचत जायचं. त्यासाठी आधीचे पंधरा दिवस आणि पुढे मंगळवारची संध्याकाळ होईपर्यंत कुणाच्या अंगाला अंग लावायचं नाही. व्रत मोडलं तर भालाईत उताणा पडतो, नाहीतर त्याच्या शेजारचा पडतो. मी हे मानते. मानत होते म्हणा. आता विचारलंत तर जरा अडखळेन.

मी इरासी. तीस वर्षं झुली शिवतेय. आमच्या मेळ्याचा म्होरक्या माझा भाऊ अमारो आणि त्याचा मुलगा जोसियास हा माझा भाचा. वय सव्वीस, साखर कारखान्यात कामाला. त्याचं मन बायकांकडे नाही, हे मला केव्हाच कळलं होतं. आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही.

व्रत सुरू झालं त्या सोमवारी तो झुलीचं शेवटचं माप द्यायला आला आणि शर्ट खुंटीला अडकवून आत पाणी प्यायला गेला. शर्टाच्या खिशातून पाकीट डोकावत होतं. कंडोमचं. माझं डोकंच फिरलं. व्रताच्या दिवसांत ही वस्तू माझ्या घरात? चुलीवर घेवडा रटरटत होता. उचललं आणि सरळ जाळात घातलं. घाण वास सुटला. जोसियास बाहेर येऊन म्हणाला, "आत्या, काय जळतंय?" मी म्हटलं, "चिंधी."

आणि वर खूश होते! वाटलं, पोराला वाचवलं आपण.

कार्निव्हलच्या शेवटच्या मंगळवारी तालुक्याच्या चौकात सगळे मेळे जमले होते. बारा वाजून गेले होते, ऊन नुसतं भाजून काढत होतं. आमची रांग दोन वाजता निघणार होती. मी सुई-कात्री घेऊन झुली तपासत फिरत होते, तेवढ्यात जोसियासच्या तोंडातलं फूल खाली पडलं. भालाईताचं फूल पडत नाही.

"अरे, लक्ष कुठंय तुझं? दातांना काय झालं?"

त्याने फूल उचललंसुद्धा नाही. मी त्याला मिठाईच्या गाडीमागे ओढलं.

"आत्या, व्रत मोडलं माझं," तो म्हणाला. "शनिवारी. फोटो काढायला एक जण आला होता रेसिफे शहरातून."

मी हात उगारला होता. त्याने फोन पुढे केला म्हणून खाली घेतला. त्या फोटोवाल्याचा सकाळीच आलेला निरोप होता: 'माझ्या आधीच्या मित्राचा रिपोर्ट आला. एचआयव्ही आहे. माझी तपासणी आज करतोय. तू वाट बघू नकोस, बहात्तर तासांच्या आत दवाखान्यात जा. गोळ्या मिळतात, वेळेत घेतल्या तर लागण टळते.'

"शनिवारी किती वाजता?"

"चारच्या सुमाराला."

मी चौकातल्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेएक. बहात्तर तास चारला संपत होते.

"मग इथे काय करतोयस, मेल्या? चल!"

"कसा येऊ? एक माणूस कमी झाला तर बाबांची रांग मोडते. चारपर्यंत आटपेल, मग जातो."

"चारला आटपलं म्हणजे तुझंही आटपलं! अमारोला सांग, पोट दुखतंय."

तो हसला. रडण्यापेक्षा वाईट हसला. "भालाईताचं पोट दुखलं की काय समजतात, तूच सांग."

खरं होतं त्याचं. ताप येवो, चक्कर येवो, आमच्याकडे एकच अर्थ काढतात. अख्ख्या चौकाला कळलं असतं, आणि कुणाबरोबर हेही लोकांनी संध्याकाळपर्यंत खणून काढलं असतं. त्या पोराला मरण परवडत होतं, पण बापाची मान खाली गेलेली परवडत नव्हती. मला इतका राग आला, की कुणावर काढू कळेना.

हातात कात्री होती. त्याची झूल मी अकरा महिने शिवली होती, टिकली न् टिकली हाताने. गळ्याच्या शिवणीत कात्री घातली आणि खांद्यापासून छातीपर्यंत चर्रकन कापत आणली. टिकल्या सांडल्या त्या गोळा करायलाही थांबले नाही.

"दादा!" मी ओरडले. "झूल उसवली पोराची! मशीनवर घालून आणते."

अमारो शिट्टी तोंडातून काढून धावत आला. "तुझा टाका आणि उसवला?"

"टाका म्हातारा झाला, माझ्यासारखा. सोड आम्हाला."

"दोनच्या आत आण त्याला."

टोप आणि घंटा गाडीवाल्याकडे ठेवून आम्ही चढावरच्या दवाखान्याकडे निघालो. कार्निव्हल असला तरी तातडीचा विभाग उघडा होता. फाटकी झूल काखेत धरून जोसियास बाकावर बसला. समोर दारू पिऊन पडलेले दोघे आणि पाय मुरगळलेली, कुठल्याशा मेळ्यात राणी झालेली एक बाई. नंबर येईस्तोवर दोन वाजून गेले. खालून आमच्या मेळ्याच्या घंटा ऐकू आल्या. त्याने डोळे मिटून घेतले.

लुसिवानिया नावाची नर्स होती. तिने आत नेलं, दार लावलं आणि मला म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा."

"राहू दे आत्याला," जोसियास म्हणाला.

तिने बोटातून रक्त घेतलं. आवाज न चढवता, जेवलास का विचारावं तसं विचारत होती: कधी, कसं, काही दुखतंय का. मग म्हणाली, "कंडोम होता?"

"घेऊन ठेवला होता. कुठे पडला कळलं नाही. ऐन वेळी खिसा रिकामा." तो झुलीकडे बघत म्हणाला. "व्रत असलं तरी माझा माझ्यावर भरवसा नव्हता, म्हणूनच घेतला होता. गावातल्या औषधाच्या दुकानात पुन्हा मागायला लाज वाटली. तिथे सगळे बाबांच्या ओळखीचे."

मी गप्प बसू शकले असते. त्याला जन्मात कळलं नसतं.

"पडला नव्हता," मी म्हटलं. "मी जाळला."

त्याने मान वर केली. शिव्या दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या. तो म्हणाला, "ती चिंधी?" मी मान डोलावली. तो भिंतीकडे तोंड करून बसला.

नर्सने आमच्या दोघांत लुडबूड केली नाही. आजची तपासणी स्वच्छ आहे, म्हणाली, पण शनिवारचं आज दिसत नाही. अठ्ठावीस दिवस गोळ्या, रोज ठरल्या वेळी, एकही खाडा नको. महिन्याने पुन्हा तपासणी, तीन महिन्यांनी आणखी एकदा. तोवर कंडोमशिवाय काही नाही. "लवकर आला असतास तर जास्त बरं झालं असतं. पण वेळेत आहेस." पहिल्या गोळ्या त्याने तिथेच तिच्यासमोर गिळल्या. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

चौकात परतलो तेव्हा आमची रांग नाचून झाली होती, एक जागा मोकळी ठेवून. अमारोने झुलीची कड बोटांत धरून पाहिली. कापलेलं आणि उसवलेलं त्याला कळतं.

"विचारू नकोस दादा," मी म्हटलं. "खोटं बोलायला लावू नकोस मला."

त्याने विचारलं नाही. पण दोन आठवडे माझ्या दारावरून जाताना मान वळवून गेला.

गोळ्या बापाच्या घरात ठेवता येईनात, म्हणून माझ्या टिकल्यांच्या डब्यात ठेवल्या. रोज संध्याकाळी सहाला जोसियास यायचा, हात पुढे करायचा, गोळ्या घ्यायचा, जायचा. बोलायचा नाही. पहिल्या आठवड्यात मळमळायचं त्याला, उंबऱ्यावर डोकं धरून बसायचा. मी लिंबू-पाणी पुढे सरकवायचे. पाणी घ्यायचा, माझ्याकडे बघायचा नाही. सत्तावीस संध्याकाळी मी सहा वाजायची वाट बघितली आणि सहा वाजले की मला भीती वाटायची. त्या फोटोवाल्याचा पुन्हा निरोप आला का, तेही विचारता येत नव्हतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी त्याने शेवटच्या गोळ्या घेतल्या आणि खिशातून एक पाकीट काढून माझ्या शिवणाच्या पाटावर, कात्रीशेजारी ठेवलं.

"हे इथेच राहणार," तो म्हणाला. "व्रत असो नसो."

चुलीवर घेवडा शिजत होता.

"राहू दे," मी म्हटलं. आणि टिकल्यांचा डबा त्याच्याकडे सरकवला, झाकण उघडं ठेवून. त्याने पाकीट आत टाकलं.

येत्या शुक्रवारी महिन्याची तपासणी होती. बरोबर येऊ का, एवढं विचारायचं धाडस मला होईना. तो दारापर्यंत गेला, चपला घातल्या आणि पाठमोराच म्हणाला, "सातची बस आहे, आत्या. तयार राहा."