महिषासुराच्या साच्यातला जवान

खबर आली त्या दिवशी जमीर मेकॅनिक नीळकंठरावांच्या दारात उभा राहून बराच वेळ स्कूटरबद्दल बोलत होता. क्लच घासला आहे, वायर बदलावी लागेल, असं काहीबाही.

"जमीर, स्कूटर मी दिवाळीत तुलेच विकली," नीळकंठराव म्हणाले.

"हो ना भाऊ," म्हणत जमीर उंबऱ्यावरच बसला.

घरचा फोन सहा दिवस मुका होता. म्हणून पलटणीच्या साहेबांनी नीळकंठरावांच्या पोराने, श्रेयसने, लिहून दिलेल्या दुसऱ्या नंबरावर, म्हणजे जमीरच्या गॅरेजात, फोन लावला होता. काश्मिरात गस्तीवर गोळी लागून श्रेयस गेला होता. पोरगा चोवीस वर्षांचा होता.

श्रेयसची आई कुंदा दोन वर्षांपूर्वीच गेली होती. तहसीलातून कारकून म्हणून रिटायर झालेले नीळकंठराव आता घरात एकटे उरले.

वर्षभराने दारव्ह्यात श्रेयसच्या पुतळ्यासाठी समिती झाली. अध्यक्ष माजी सुभेदार भावसिंग. त्यांची मिशी एवढी की चहा पिताना ती एका हाताने वर धरावी लागे. कापसाचे ते वाईट दिवस, त्यामुळे ब्राँझचा विषय पाच मिनिटांत संपला. काम दुर्गादेवीच्या प्लास्टरच्या मूर्ती करणाऱ्या गोविंदाला दिलं. नवरात्र होऊन गेल्यामुळे तो रिकामाच होता.

नीळकंठरावांनी वर्दीतला फोटो दिला. घरात श्रेयसचा तेवढा एकच फोटो होता, ओळखपत्राचा, आणि त्यावरचा गोल शिक्का नेमका तोंडावर पडलेला. तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार? तीस वर्षं त्यांनी स्वतः लोकांच्या तोंडांवर शिक्के मारले होते.

पंचवीस जानेवारीला, दुपारी, पुतळा कापूस खरेदी केंद्रासमोरच्या चौकात आला. तिथे कापसाच्या बैलगाड्यांची रांग तीन दिवसांपासून जागची हलली नव्हती. गोविंदाने पुतळ्यावरचं पोतं काढलं. बटबटीत डोळे, भरदार छाती आणि कानापर्यंत गेलेली मिशी.

"हा तं महिषासुर हो," हरिसिंग नावाचा म्हातारा गाडीवरूनच म्हणाला. त्याला कसलीच घाई नव्हती. "नवरात्रात पाह्यलं मी याले. तवा याच्या छातीत त्रिशूळ होता."

"तिथं आता पदक बसवलं," गोविंदा म्हणाला.

"पदक लय मोठं वाटते."

"भोकच तेवढं होतं."

नीळकंठराव पुतळ्याभोवती एक फेरी मारून आले. "गोविंदा, माझ्या पोराले मिशी नव्हती."

"साच्यात होती, काका. माझ्याजवळ माणसाचा साचा एकच. बाकी साऱ्या देव्या."

"राहू द्या हो," भावसिंग म्हणाले. "उद्या कार्यक्रम आहे. बिनमिशीचा फौजी लोकायले पटत नाही."

"मग ही मिशी तुमच्या पुतळ्याले ठेवा, सुभेदारसाहेब."

"माझा पुतळा कोण करते? मी तं जिता वापस आलो."

बोलून गेल्यावर भावसिंगांना आपलेच शब्द ऐकू आले. ते खाली बघू लागले.

नीळकंठराव हळूच म्हणाले, "कुंदा गेली. उद्या मीही जाईन. मग लोक याच्याकडेच बोट दाखवून सांगतील, हा श्रेयस. देवीने ज्याले मारलं त्याचं तोंड माझ्या पोराले नको."

"काढा मिशी," भावसिंग म्हणाले.

जमीरने गॅरेजातून ग्राइंडर आणला. पांढरा भुगा उडाला, बैल शिंकले. मिशी निघाली आणि तिच्यासोबत वरचा ओठही निघाला.

"थोडं जास्त झालं, भाऊ," जमीर म्हणाला. "काही हरकत नाही. गाडीच्या पत्र्याचे पोचे भरतो ना, त्याच पुटीने भरून देतो. ओठ कसा होता सांगा. जाड का पातळ?"

नीळकंठरावांनी सांगायला तोंड उघडलं. श्रेयसचा भरतीचा नंबर त्यांना पाठ होता. बुटाचं माप, दहावीचे गणिताचे मार्क, सगळं पाठ होतं. ओठ आठवेना.

"कुंदाले विचार," ते म्हणाले.

मग रांगेतल्या गाड्यांवरून एकेक ओठ सुचवला जाऊ लागला. एकाने तर आपल्या मेहुण्याला उभं करून दाखवलं.

"तुमच्यासारखाच करू द्या ना," हरिसिंग म्हणाला.

"माझा नको. तो आईवर गेलता." आणि कुंदाच्या फोटोत ती ओठांवर पदर धरून हसत होती.

दुसऱ्या दिवशी पुतळ्याला नाकापर्यंत लोकरी मफलर गुंडाळून कार्यक्रम झाला. बर्फात पहारा देणारा जवान शिल्पकाराने किती हुबेहूब उभा केला, असं पाहुण्यांनी भाषणात सांगितलं. गोविंदाचा सत्कार झाला. भावसिंगांनी सलामी ठोकली. त्यांचा हात बराच वेळ खाली आला नाही. गाडीवान कापूस सोडून उभे राहिले, आणि त्या गडबडीत सुट्टीतही चालू असलेल्या खरेदी केंद्रावर हरिसिंगचा नंबर पुकारून निघून गेला.

आता एप्रिल आहे. बेचाळीस डिग्री उन्हात जवान मफलर बांधून उभा असतो. दर शुक्रवारी जमीर पुटीचा डबा घेऊन पुतळ्यापाशी येतो. नीळकंठराव डोळे मिटून बसतात, बऱ्याच वेळाने नकारार्थी मान हलवतात, आणि जमीर डबा परत नेतो. पोराचा वरचा ओठ अजून बसवायचा राहिला आहे.